अलर्ट कोणाकडे जाणार? होस्ट ग्रुपांच्या उतरंडीविषयी



२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथं टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात मोठा स्फोट झाला. सकाळी विजांचं वादळ होऊन गेलं होतं. त्यात कारखान्याच्या एका भागाला आग लागली, बाकीच्या भागांचं काम विस्कटलं आणि ते सावरता सावरता दुपार झाली. एक झडप बंद अवस्थेत अडकली होती. नियंत्रण कक्षात मात्र ती उघडी दिसत होती. २६ जणांना इजा झाली, सुदैवानं कोणी दगावलं नाही. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेनं पुढं चौकशी केली. तिच्यातला एक आकडा औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रातल्या लोकांना पाठ असतो: स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. म्हणजे साधारण दर अडीच सेकंदांना एक. प्रत्येक अलार्म वाचायचा, ओळखायचा, त्याची पोच द्यायची आणि त्यावर काही करायचं. अलार्म फार होते आणि त्यांच्यात महत्त्वाचा कोणता, किरकोळ कोणता, याची नीट लावणी नव्हती, असा ठपका चौकशीनं ठेवला.

संगणकांच्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या माणसांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. रात्री एका शाखेचा राउटर बसतो आणि त्याच्यामागचे सर्व्हर, स्विच, प्रिंटर, कॅमेरे, एटीएम सगळे एकदम ओरडू लागतात. ज्याला हे संदेश जातात तो दहाव्या संदेशानंतर फोन उलटा करून ठेवतो. आणि ज्याला जायला हवेत त्याला कधीकधी एकही जात नाही. आजच्या व्याख्यानाचा रोख या दुसऱ्या प्रकारावर अधिक आहे. गोंगाट निदान ऐकू तरी येतो. न गेलेला संदेश कोणालाच दिसत नाही. तो बहुतेक वेळा अडतो एका अगदी साध्या ठिकाणी, यंत्रांचे गट आणि उपगट कसे मांडले आहेत तिथं.

या साऱ्याची सुरुवात छोटी होती. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी ‘पिंग’ लिहिलं. दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ येते का पाहायचं, एवढंच त्याचं काम. १९८८ मध्ये एसएनएमपी हा यंत्रांची माहिती विचारण्याचा प्रोटोकॉल आला आणि यंत्रं स्वतःविषयी बोलू लागली. १९९९ मध्ये इथन गॅलस्टॅड यांनी ‘नेटसेंट’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली, ती २००२ पासून ‘नॅगिऑस’ या नावानं जगभर पसरली. तिकडे लाटवियात अलेक्सेई व्लादिशेव यांनी एका बँकेत काम करताना १९९८ मध्ये सुरू केलेला प्रकल्प २००१ मध्ये ‘झॅबिक्स’ म्हणून सर्वांसाठी खुला झाला. वीस-पंचवीस यंत्रं असतील तोवर यादी पुरते. हजार झाली की यादी कोणी वाचत नाही. तिथून गटांची गरज लागते.

नॅगिऑसमध्ये लक्ष ठेवण्याच्या प्रत्येक यंत्राला ‘होस्ट’ म्हणतात आणि अनेक होस्टांचा मिळून ‘होस्टग्रुप’ होतो. तिसऱ्या आवृत्तीपासून एका ग्रुपाच्या व्याख्येत दुसऱ्या ग्रुपांची नावं ‘होस्टग्रुप मेंबर्स’ या ओळीत लिहिता येतात, म्हणजे गटात गट. सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहायचं आणि सुरू करण्याआधी प्रणालीकडून ते तपासून घ्यायचं. अस्तित्वात नसलेल्या गटाचं नाव लिहिलंत तर तपासणी तिथंच अडवते. हा कडकपणा नवख्याला जाचतो. जुन्या हातांना तोच आवडतो, आणि तो आवडण्यासारखाच आहे.

तरी तिथंही एक खोच आहे. नॅगिऑसमध्ये होस्ट आपले गुण टेम्प्लेटकडून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या नमुन्याकडून, घेतो. टेम्प्लेटमध्ये ‘लिनक्स सर्व्हर’ हा गट लिहिलेला आहे आणि होस्टच्या स्वतःच्या व्याख्येत कोणी ‘डेटाबेस’ हा गट लिहिला, तर टेम्प्लेटमधला गट पुसला जातो. दोन्ही हवे असतील तर होस्टच्या ओळीत नावाआधी अधिकचं चिन्ह द्यावं लागतं. एक चिन्ह विसरलं की होस्ट ‘लिनक्स सर्व्हर’ गटाच्या बाहेर पडतो आणि त्या गटाला लावलेल्या साऱ्या तपासण्या त्याच्यापुरत्या थांबतात. तपासणीत चूक निघत नाही, कारण नियमांच्या दृष्टीनं चूक झालेलीच नसते. २०१४ च्या आयसिंगा २ या प्रणालीनं यावर वेगळा उपाय काढला: गटात कोण असावं हे नावानिशी लिहिण्याऐवजी अट लिहायची. ज्याची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स, तो या गटात. यंत्र नवं आलं की अटीप्रमाणे आपोआप बसतं.

झॅबिक्सनं मात्र उतरंड नावातच भरली, आणि या प्रकाराकडे थोडं सावकाश पाहायला हवं.

२०१६ मध्ये आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून झॅबिक्समध्ये होस्ट ग्रुपाच्या नावात तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, घालता येतो. त्यांच्या माहितीपुस्तिकेतलं उदाहरण ‘युरोप/लाटविया/रिगा/झॅबिक्स सर्व्हर’ असं आहे. रिगा हेच कंपनीचं गाव. नाव असं लिहिलं की प्रणाली समजते की शेवटचा गट रिगाच्या पोटात, रिगा लाटवियाच्या पोटात आणि लाटविया युरोपच्या. नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी स्लॅश चालत नाही, दोन लागोपाठ चालत नाहीत, आणि नुसतं चिन्ह म्हणून स्लॅश वापरायची सोय नाही. पण मुख्य गोष्ट पुढंच आहे. डेटाबेसमध्ये या गटाचा आईबाप कोण, अशी कुठलीही नोंद नसते. असतं ते फक्त नाव. पाकिटावर मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा लिहावा तसा हा प्रकार आहे: पत्ता वाचून जिल्हा कळतो, पण पत्ता लिहिल्यानं जिल्हा निर्माण होत नाही.

म्हणून ‘युरोप’ किंवा ‘युरोप/लाटविया’ असे गट नसतानाही ‘युरोप/लाटविया/रिगा’ हा गट तयार करता येतो. मूल आधी, आई नंतर, किंवा आई कधीच नाही. प्रणाली हरकत घेत नाही. वरच्या गटाचं नाव बदललं तर खालच्यांची नावं आपसूक बदलत नाहीत. ते जुन्या नावाच्या पोटात, म्हणजे खरं तर कोणाच्याच पोटात नसलेले, तसेच राहतात.

आता एक कल्पित सहकारी बँक घेऊ. तिच्या शाखा सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. साताऱ्यात आधी ‘सातारा’ गट केला गेला, ‘सातारा सपोर्ट’ या यूझर ग्रुपाला तो वाचण्याची परवानगी दिली गेली आणि मग ‘सातारा/कराड’, ‘सातारा/पाटण’ हे गट तयार झाले. असलेल्या गटाच्या पोटात नवा उपगट केला की वरच्याच्या परवानग्या त्याला मिळतात. त्यामुळे सातारच्या मंडळींना कराड आणि पाटण काही न करता दिसू लागलं.

कोल्हापुरात क्रम उलटा झाला. चाचणीसाठी एका इंजिनिअरनं थेट ‘कोल्हापूर/गडहिंग्लज’ असा गट केला. ‘कोल्हापूर’ नावाचा गट तेव्हा नव्हता. काही आठवड्यांनी तो झाला, पण मूल आधीपासून असताना आई मागाहून आली की तिच्यावर कसल्याच परवानग्या चढत नाहीत. म्हणून कोणीतरी ‘कोल्हापूर सपोर्ट’ला ‘कोल्हापूर’ गट वाचायची परवानगी दिली. ती उपगटांनाही लागू करण्याची चौकट स्वतंत्र असते; तिच्यावर खूण करायची राहिली.

पुढं अलर्टची कृती मांडली गेली: ज्या होस्टचा गट ‘कोल्हापूर’ असेल त्याची बिघाडाची खबर ‘कोल्हापूर सपोर्ट’ला पाठवा. अशा अटीत वरचा गट निवडला की पोटातले सारे गट त्यात न सांगता येतात. म्हणजे गडहिंग्लजचा सर्व्हर बसला की अट जुळते, कृती सुरू होते. मग झॅबिक्स पाहतं की संदेश ज्याला पाठवायचा त्याला या होस्टवर निदान वाचण्याचा हक्क आहे का. नाही. संदेश निघत नाही.

इथं दोन नियम एकमेकांशी फटकून वागतात, आणि उतरंडीचा सारा धोका या फटीत आहे. निवड दरवेळी खाली वाहते. परवानगी मात्र गट जन्माला येताना एकदा नकलून दिली जाते. त्यानंतर वर काय बदललं याची खालच्याला खबर नसते, जोवर कोणी जाणूनबुजून ती खाली ढकलत नाही. पडद्यावर दोन्ही गोष्टी एकाच झाडाच्या भासतात. आपल्या मनातलं झाड तर आणखीच सरळ असतं: वर दिलं की खाली गेलं. त्या मनातल्या झाडावर भरवसा ठेवून मोठमोठी नेटवर्कं चालतात.

हे लवकर लक्षात का येत नाही, याचं कारणही प्रणालीतच आहे. गट तयार करण्याचा अधिकार सुपर अॅडमिनला असतो, आणि सुपर अॅडमिनला सगळे होस्ट दिसतात. त्याच्यापासून काही लपवताच येत नाही. त्यामुळे ज्यानं गट मांडले त्याच्या पडद्यावर गडहिंग्लजचा बिघाड लालभडक दिसतो, आणि सगळं नीट चाललं आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होते. म्हणून तपासणी करायची ती सपोर्टच्या साध्या यूझरच्या नावानं लॉगिन करून. याला पाच मिनिटं लागतात. नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येक कार्यालयात हा नेम असायला हवा, आणि तो नसणं हा निष्काळजीपणा समजला गेला पाहिजे.

नकाराचं वजनही ध्यानात घ्यावं लागतं. एक होस्ट एकाच वेळी अनेक गटांत असू शकतो. कराडचं एटीएम ‘सातारा/कराड’मध्ये आहे आणि ‘एटीएम’ या गटातही आहे. सातारा सपोर्टला पहिला गट वाचता येतो, पण दुसऱ्यावर कोणी ‘डिनाय’ लावलं असेल तर नकार जिंकतो आणि ते एटीएम त्यांच्या पडद्यावरून नाहीसं होतं.

निवड खाली वाहते म्हटल्यावर तिचा दुसरा परिणामही ओघानं येतो. झॅबिक्समध्ये दुरुस्तीसाठी ‘मेंटेनन्स’ लावता येतो. त्या काळात ठरलेल्या गटांच्या बिघाडांचे अलर्ट दाबले जातात, आणि हवं तर माहिती गोळा करणंही थांबवता येतं. तिथं ‘सातारा’ निवडलं की कराड, पाटण आणि पोटातलं सगळं आपोआप आलं. एका खोलीतला यूपीएस बदलायचा म्हणून लावलेला मेंटेनन्स अख्ख्या जिल्ह्याला गप्प करू शकतो.

एका जागेसाठीची आज्ञा अनेक जागांना लागणं किती महागात पडतं, याचं मोठं उदाहरण गूगलचं आहे. २ जून २०१९ रोजी त्यांच्या सेवा कित्येक तास अडखळल्या. यूट्यूब आणि जीमेलपर्यंत झळ पोचली. एका प्रदेशातल्या थोड्या सर्व्हरांसाठी असलेला बदल शेजारच्या अनेक प्रदेशांतल्या सर्व्हरांना लागला आणि त्या प्रदेशांनी आपली निम्म्याहून अधिक नेटवर्कक्षमता वापरणं थांबवलं, असं कंपनीनंच सांगितलं. मुळाशी देखभालीची स्वयंचलित यंत्रणा होती. शिवाय बिघाड शोधण्याची साधनंही त्याच तुंबलेल्या नेटवर्कवरून चालत होती, म्हणून दुरुस्तीला वेळ लागला. गूगलची यंत्रणा वेगळी आणि झॅबिक्स वेगळं, पण आपण निवडलं त्यात नेमकं काय काय आलं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते, आणि ती इंग्रजी माहितीपुस्तिकांत सापडत नाही. झॅबिक्समध्ये होस्टचं तांत्रिक नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं; पण दिसणारं नाव आणि गटाचं नाव देवनागरीत देता येतं. ते जरूर द्यावं. रात्रपाळीच्या माणसाला आपल्या लिपीतलं गाव पटकन ओळखू येतं. आता ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह देऊन. एक कीबोर्ड पहिली तऱ्हा वापरतो, दुसरा दुसरी. पडद्यावर दोन्ही सारखे. झॅबिक्सचा डेटाबेस मात्र नावांची तुलना संकेतांकांनी करतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. ‘सातारा/कऱ्हाड’ नावाचे दोन गट शेजारी शेजारी उभे राहतात, एकात निम्मे होस्ट, दुसऱ्यात निम्मे, आणि मेंटेनन्स लागतो एकालाच. हेच नाव कोणी ‘कराड’ लिहिलं तर तिसरा गट. म्हणून गावांच्या नावांची एक ठरीव यादी ठेवावी आणि गट करताना नाव तिच्यातूनच उचलावं, हातानं टाइप करू नये.

गट कशाच्या आधारानं पाडावेत, यावर नेटवर्कवाल्यांत जोरदार वाद होतात. कोणी म्हणतं जागेप्रमाणे: जिल्हा, तालुका, इमारत, मजला. कोणी म्हणतं यंत्राच्या जातीप्रमाणे: राउटर, स्विच, सर्व्हर. कोणी म्हणतं कामाप्रमाणे: कर्ज, ठेवी, एटीएम. तिन्ही एकाच उतरंडीत कोंबले की ‘सातारा/कराड/सर्व्हर/लिनक्स/डेटाबेस’ अशी आगगाडी तयार होते, आणि तिच्यात दर तालुक्यागणिक तेच तेच डबे पुन्हा जोडावे लागतात. साऱ्या जिल्ह्यांतले डेटाबेस एकत्र पाहायचे म्हटलं तर ही उतरंड कुचकामी ठरते, कारण उतरंडीला वरून खाली एकच वाट असते.

प्रस्तुत व्याख्यानाचं मत स्पष्ट आहे. उतरंड एकाच प्रश्नावर बांधावी: रात्री दोन वाजता फोन कोणाला जाणार? जिथं उत्तर बदलतं तिथं उपगट पाडावा. जिथं बदलत नाही तिथं पाडू नये, मग इमारतीला कितीही मजले असोत. बहुतेक संस्थांना यासाठी दोन किंवा तीन पातळ्या पुरतात. उरलेली सगळी माहिती, म्हणजे यंत्राची जात, ऑपरेटिंग सिस्टिम, कोणत्या सेवेसाठी आहे, ती टॅगमध्ये, म्हणजे होस्टला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत, ठेवावी. गमतीची गोष्ट अशी की झॅबिक्सच्या ज्या ३.२ आवृत्तीत गटांची उतरंड आली तिच्यातच घटनांना टॅग लावण्याची सोयही आली. होस्टला टॅग ४.२ मध्ये, २०१९ साली मिळाले. लोकांनी उतरंड चटकन उचलली, टॅग बराच काळ अडगळीत राहिले.

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रोमिथियस या प्रणालीनं तर उतरंडीची वाटच धरली नाही. तिथं प्रत्येक मोजमापाला लेबलं असतात आणि विचारताना हवा तो गट त्या क्षणी बांधता येतो. ही रचना फार लवचीक आहे. पण ‘हा विभाग तुमचा, तो त्यांचा’ अशी वाटणी तिच्यात आपोआप होत नाही. अनेक जिल्हे, अनेक पथकं आणि बदलती माणसं असलेल्या संस्थेत ती वाटणी डोळ्यांसमोर लिहिलेली असावी, आणि म्हणूनच उतरंड पूर्ण टाकून देण्याचा सल्ला इथं दिलेला नाही.

गटाची उतरंड आणि नेटवर्कची रचना या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वारंवार सांगावं लागतं. कराडची सगळी यंत्रं कराडच्या राउटरमागे आहेत हे गटाला ठाऊक नसतं. नॅगिऑसमध्ये होस्टला ‘पेरेंट्स’ लिहिता येतात; राउटर बसला की त्याच्यामागच्या यंत्रांना ‘डाउन’ म्हणण्याऐवजी ‘अनरीचेबल’ म्हटलं जातं, म्हणजे यंत्राचं काय झालं माहीत नाही, वाट बंद आहे. झॅबिक्समध्ये होस्टांचं असं नातं थेट जोडता येत नाही. तिथं एका ट्रिगरला, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या अटीला, दुसऱ्यावर अवलंबून ठेवतात. राउटरचा ट्रिगर पेटलेला असेल तोवर त्याच्यावर अवलंबून असलेले ट्रिगर गप्प राहतात. मिलफर्ड हेवनसारखा अलर्टांचा पाऊस यानंच आवरतो. नुसते गट कितीही नेटके केले तरी तो आवरत नाही.

जुन्या मांडणीचं काय करायचं, हा व्यवहारातला खरा प्रश्न. ६.२ आवृत्ती येईपर्यंत होस्ट आणि टेम्प्लेट एकाच प्रकारच्या गटांत राहत. २०२२ मध्ये टेम्प्लेटांचे गट वेगळे झाले. अशा अनेक थरांतून आलेल्या प्रणालीत गटांच्या नावांची यादी काढून ती अक्षरानुक्रमे लावावी. ज्या नावाच्या वरचा गटच नाही ती नावं लगेच उठून दिसतात. मग प्रत्येक यूझर ग्रुपासमोर त्याला दिसणारे गट लिहावेत आणि त्याशेजारी त्याला अलर्ट पाठवणाऱ्या कृतींत येणारे गट. दुसऱ्या रकान्यात गट आहे, पहिल्यात नाही, अशी ओळ सापडली की एक न जाणारा संदेश सापडला. शेवटी प्रत्येक उपगटातला एक होस्ट, आधी सांगून, खरोखर बंद करून पाहावा.

राहता राहिला स्वतः लक्ष ठेवणारा सर्व्हर. त्याला कोणत्या गटात ठेवायचं? पुष्कळ ठिकाणी तो ‘मुख्यालय/सर्व्हर’मध्ये पडलेला असतो, म्हणजे मुख्यालयाला मेंटेनन्स लागला की त्याच्या स्वतःच्या बिघाडाचे अलर्टही दाबले जातात. त्याला सर्वांत वरच्या पातळीवर वेगळा गट द्यावा, त्याच्यावर नजर ठेवणारं दुसरं यंत्र दुसऱ्या जागी असावं आणि त्याची खबर दुसऱ्या वाटेनं यावी. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या एस३ या साठवण सेवेवर एका कर्मचाऱ्यानं थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले. सकाळी ९.३७ ला (पॅसिफिक वेळ) सुरू झालेला हा बिघाड कंपनीच्या सेवास्थितीच्या फलकावर ११.३७ पर्यंत नोंदवता आला नाही, कारण तो फलक चालवण्याची व्यवस्थाच एस३ वर अवलंबून होती. नंतर अॅमेझॉननं ती व्यवस्था अनेक प्रदेशांत विभागली, आणि सर्व्हर काढण्याच्या साधनाला मर्यादा घातली: काम सावकाश करायचं, आणि ठरलेल्या किमान क्षमतेच्या खाली कोणतीही उपयंत्रणा जाऊ द्यायची नाही.